लहान लाकडी वस्तूंना लाखेचं पॉलिश: गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या घरी सुतारकाम करणाऱ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळ्यांची अडचण थोड्याफार फरकाने एकच असते. वस्तू छान बनते, घासूनही होते आणि पॉलिशला हात घातला की बिघडते. त्यातले निम्मे प्रश्न जून ते सप्टेंबरमध्ये येतात, हेही ओघानेच आलं. उत्तरं पाट, चौरंग, पेटी, फोटोची चौकट, ट्रे, घड्याळाचं खोकं अशा लहान कामांसाठी आहेत. दारं-खिडक्या आणि पलंग-कपाटांचं गणित वेगळं असतं.

१. दुकानात नक्की काय मागू? लाख, चपडा, फ्रेंच पॉलिश, सगळं एकच का?

माल एकच, रूपं वेगळी. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राळ सोडतात. ती खरवडून, धुऊन, वितळवून, गाळून तिच्या पातळ पापड्या करतात, तो चपडा. तीच वितळलेली लाख थेंबाथेंबाने थापून केलेल्या जाड चकत्या म्हणजे बटन लाख. आपल्याकडे येणारा बराचसा माल झारखंड-छत्तीसगडचा असतो. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की झालं पॉलिश, आणि ते बोळ्याने, म्हणजे कापडात गुंडाळलेल्या कापसाने, चढवण्याच्या पद्धतीला फ्रेंच पॉलिश म्हणतात.

म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या जुन्या रंगाच्या दुकानांत ‘चपडा’ म्हटलं की समजतं. तयार बाटलीतलं ‘फ्रेंच पॉलिश’ही मिळतं, पण ते कधी भरलं हे कळत नाही आणि लाखेच्या बाबतीत तेच महत्त्वाचं असतं (प्रश्न १४). पापड्या घ्या आणि लागेल तेवढंच पॉलिश घरी करा.

रंगाचं म्हणाल तर बटन लाख गडद तपकिरी, साधा चपडा नारिंगी आणि मेण काढलेला फिका चपडा जवळजवळ पिवळसर पाण्यासारखा. फणसाच्या लाकडावर नारिंगी चपडा फार खुलतो, त्याचा मूळचा पिवळा रंग मधाळ होतो. शिवणीसारख्या पांढुरक्या लाकडावर मात्र तोच चपडा मळकट दिसतो, तिथे फिकाच घ्या.

२. कोणत्या वस्तूंना हे पॉलिश चालतं आणि कोणत्या नाही?

घरात कोरड्या जागी राहणाऱ्या, हाताळल्या जाणाऱ्या पण रोज धुतल्या न जाणाऱ्या वस्तूंना चालतं. दागिन्यांची पेटी, फोटोची चौकट, पुस्तकांचा स्टँड, चौरंग, देव्हारा, घुमटाचा स्टँड, सगळं उत्तम.

पोळपाट, लाटणं, विळीचा पाट, भाजी चिरायची फळी यांना नको. पाणी, साबण आणि सुरी या तिन्ही गोष्टी लाखेला सोसत नाहीत. बाल्कांवातल्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीतल्या, बाकाला तर मुळीच नको, पावसाची झड आणि दुपारचं ऊन दोन्ही तिथे येतात. माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगतात ती, चौकटही कोरीच ठेवलेली बरी. ओल्या फळांचं आणि पानांचं पाणी तिच्यावर दिवसभर टिपकत असतं.

३. स्पिरिट कोणतं? थिनर, सॅनिटायझर, दवाखान्यातलं स्पिरिट यातलं काही चालेल का?

रंगाच्या दुकानातलं डिनेचर्ड स्पिरिट घ्या. ते विषारी असतं, म्हणून झाकण घट्ट, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी जागा, हातात मोजे आणि खिडकी उघडी. जवळपास समई, निरांजन, उदबत्ती, गॅस काही पेटतं ठेवू नका.

एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये चपडा नीट विरघळत नाही, ते थिनर एनसी लॅकर या वेगळ्या पॉलिशचं आहे. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि जेल, दोन्ही नको. दवाखान्यातल्या स्पिरिटमध्ये कधीकधी एरंडेल तेल असतं. ते उडून जात नाही, पॉलिशमध्येच राहतं आणि पॉलिश मऊ पडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्के असेल तर चालतं. सुकायला थोडा जास्त वेळ घेतं, आणि उन्हाळ्यात ब्रश ओढताना तो वेळ उपयोगीच पडतो.

४. घरची फेणी आहे. तिच्यात चपडा विरघळेल का?

हा प्रश्न दर काजूच्या मोसमात येतो आणि विचारणारा बहुतेक अर्धा गंभीर असतो. नाही विरघळणार. फेणीत अल्कोहोल साधारण ४२ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. चपडा तिच्यात मऊ पडून चिकट गोळा होऊन तळाशी बसतो, वर गढूळ पाणी राहतं. हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, तर त्याहून सौम्य. दोन्ही ज्यासाठी आहेत त्यासाठीच ठेवा.

५. चपडा आणि स्पिरिट यांचं प्रमाण काय?

वजनकाट्यावर मोजा, अंदाजाने नको. १०० मि.ली. स्पिरिटला १२ ग्रॅम चपडा म्हणजे पातळ, २४ ग्रॅम म्हणजे मध्यम. इंग्रजी व्हिडिओंत ‘एक पौंड’ आणि ‘दोन पौंड’ म्हणतात ते हेच.

नवशिक्यांनी १२ ग्रॅमनेच सुरुवात करावी असा माझा आग्रह आहे. जाड पॉलिश एका हातात, म्हणजे एका थरात, चमक देतं हे खरं, पण ब्रशच्या रेघा, ओघळ, बुडबुडेही त्याच हातात देतं. पातळ पॉलिशचा एखादा हात चुकला तरी पुढच्या हातात तो मिसळून जातो, कारण नवीन हातातलं स्पिरिट खालचा थर किंचित विरघळवतं आणि दोन्ही एक होतात. लाखेचा हा गुण बाजारातल्या फार थोड्या पॉलिशांत आहे.

६. विरघळायला किती वेळ लागतो? गरम करू का?

पापड्या मिक्सरमध्ये किंवा खलबत्त्यात भरड करून टाकल्या तर काही तासांत, नाहीतर रात्रभर. बटन लाख जाड असल्याने एक-दोन दिवस घेते. अधूनमधून बाटली हलवा, नाहीतर तळाशी ढेकूळ बसतं. गॅसवर कधीही गरम करू नका. घाईच असेल तर विस्तवापासून लांब, कोमट पाण्याच्या पातेल्यात बाटली ठेवा, झाकण सैल करून.

बाटली काचेची किंवा प्लास्टिकची. लोखंडी डबा नको, लोखंडाशी लाखेची क्रिया होऊन पॉलिश काळपट पडतं. विरघळल्यावर जुन्या मलमलीतून गाळून घ्या, काड्या आणि किड्यांचे अवशेष राहतात ते निघतात.

साध्या चपड्यात तीन ते पाच टक्के मेण असतं. बाटली काही दिवस हलवली नाही तर ते तळाशी ढगासारखं बसतं आणि वरचं पारदर्शक पॉलिश अलगद ओतून घेता येतं. मेण काढणं दर वेळी गरजेचं नाही. कधी गरजेचं असतं ते प्रश्न १६ मध्ये आहे.

७. पॉलिशच्या आधी लाकूड किती घासायचं?

रंध्याचे ओरखडे निघेपर्यंत १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, मग २२०. लाखेसाठी २२० पुरेसा होतो. त्यापुढचा गुळगुळीतपणा पॉलिशच्या हातांमधून येतो. पेपर नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवे मारलेले ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, पहिला हात पडला की सगळे बाहेर येतात. म्हणून आधी स्पिरिटने ओला केलेला फडका सगळीकडे फिरवा. ओरखडे, फेविकॉलचे पांढुरके डाग, पेन्सिलच्या खुणा, सगळं त्या दोन मिनिटांत दिसतं, आणि स्पिरिट उडालं की परत घासता येतं.

चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भागात राहत असाल तर घराबाहेर पॉलिश करू नका. तांबडी धूळ ओल्या थरावर बसली तर निघत नाही.

८. सागवानावर छिद्रं दिसतात. काचेसारखा पृष्ठभाग हवा तर ती भरायची कशी?

आधी ठरवा की खरंच भरायची आहेत का. लहान पेटीवर उघडी छिद्रं दिसलेली मला तरी आवडतात, लाकूड लाकूड वाटतं.

भरायचीच असतील तर जुने मेस्त (सुतार) चॉकची पूड आणि लाकडाच्या रंगाची माती पातळ पॉलिशमध्ये कालवून लांबी (पुट्टी) करतात आणि रेषांना आडवी घासून भरतात. वाळल्यावर वरचं सगळं घासून काढायचं, फक्त छिद्रांत राहिलेलं ठेवायचं. दुसरा मार्ग असा की दोन-तीन हात दिले की ३२० च्या पेपरला पॉलिशचा एक थेंब लावून घासायचं. लाकडाचाच भुसा पॉलिशशी कालवला जाऊन छिद्रांत बसतो, रंगही बरोबर जुळतो.

९. ब्रश चांगला की बोळा?

कोपरे, नक्षी, चौकटीच्या खाचा यांना ब्रश. सपाट झाकण, पाटाचा माथा, ट्रे यांना बोळा.

ब्रश मऊ केसांचा, एक इंची. बुडवला की बाटलीच्या काठावर निथळू द्या, एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत एकच लांब ओढ, आणि परत त्याच जागी फिरकू नका. पॉलिश अर्ध्या मिनिटात ओढ धरायला लागतं. राहिलेली जागा दुरुस्त करायला गेलात तर तिथेच रेघा उठतात. ती पुढच्या हाताला सोडून द्या.

बोळा असा करायचा. आत लिंबाएवढा कापूस, बाहेर अनेकदा धुतलेल्या सुती धोतराचा किंवा साडीचा तुकडा. नवीन कापड नको, त्याची कुसं सुटतात. कापड मागे पिळून घ्या म्हणजे खालची बाजू सुरकुतीशिवाय ताणलेली राहते. पॉलिश कापडावर नाही, आतल्या कापसावर ओता, मग बोळा कागदावर दाबा. कागद दमट झाला पाहिजे, त्यावर थारोळं दिसलं तर जास्त झालं.

आता हात. बोळा लाकडावर ठेवून मग ओढायचा नाही. हात आधी हवेत सुरू होतो, चालता चालता लाकडाला टेकतो, पलीकडच्या टोकाला न थांबता सुटतो. बोळा एक क्षण जरी थांबला तरी खालचा थर विरघळून कापडाचा विणीसकट ठसा उमटतो. पहिले दोन-तीन हात सरळ, रेषांच्या दिशेने. थर जमला की गोल गोल, मग इंग्रजी आठच्या आकारात, शेवटी परत सरळ. बोळा अडखळायला लागला की जवसाच्या तेलाचा एकच थेंब बोटाने त्याच्या तोंडावर लावा. तेल जास्त झालं तर पृष्ठभाग धुरकट दिसतो आणि बोळ्याला जवळजवळ नुसतं स्पिरिट लावून ते काढत बसावं लागतं. पहिल्या एक-दोन वस्तूंना तेलाच्या वाटेला जाऊच नका.

काम झालं की बोळा घट्ट झाकणाच्या बरणीत, चार थेंब स्पिरिटसह. वाळून दगड झालेला ब्रश फेकू नका, स्पिरिटमध्ये ठेवला की पुन्हा मऊ होतो. जवसाच्या तेलाचे फडके मात्र चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा, मगच टाका.

१०. किती हात द्यायचे आणि मध्ये किती थांबायचं?

पातळ पॉलिशचे पाच-सहा हात. मार्च-एप्रिलमध्ये थर दहा-पंधरा मिनिटांत हाताला कोरडा लागतो, पुढचा हात अर्ध्या तासाने. पावसात हा वेळ दोन तासांवर जातो, आणि काही दिवशी देऊच नये (प्रश्न ११).

पहिल्या हातानंतर लाकडाची कुसं उभी राहतात, ३२० च्या पेपरने हलकेच घासा. पेपरवर गोळ्या चिकटू लागल्या तर थर अजून ओला आहे. शेवटच्या हातानंतर आठवडाभर वस्तू तशीच राहू द्या. वरून कोरडी वाटली तरी आतलं स्पिरिट हळूहळू उडत असतं.

सहाही बाजूंना हात द्या, खालच्याही. पाटाचा फक्त माथा पॉलिश केला तर खालून दमट हवा शिरते, वरून शिरत नाही आणि एका पावसाळ्यात पाट डुलायला लागतो.

११. पावसात पॉलिश केलं आणि पांढरं धुकं आलं. सगळं वाया गेलं का?

काही वाया गेलेलं नाही. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतला दमटपणा त्यावर बसून थरात अडकतो. जुलैत गोव्याच्या हवेत इतकं बाष्प असतं की हे न झालं तरच नवल. शिवाय स्पिरिट स्वतःही हवेतलं पाणी ओढतं. अर्धी रिकामी, झाकण सैल असलेली बाटली पावसाळाभर पडली असेल तर दोष हवेइतकाच तिचाही.

धुकं काढायला कोरड्या दिवसाची वाट पहा. मग बोळ्याला नुसत्या ताज्या स्पिरिटचे थोडेच थेंब, कागदावर दाबून जवळजवळ कोरडा करून, हलक्या हाताने एकेकदा फिरवा. वरचा थर परत मोकळा होतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं. दोन फिरकींत गेलं नाही तर थांबा, तासाभराने पुन्हा. बोळा ओला ठेवून घासत बसलात तर पॉलिशच निघून येईल.

मुळात धुकं येऊ नये म्हणून काय कराल? स्वयंपाकघरातलं मीठ पहा. मिठाच्या डब्यात खडे एकमेकांना चिकटून पाणी सुटलं असेल तर त्या दिवशी पॉलिश नाही. मीठ मोकळं असेल तर दुपारी अकरा ते तीनच्या मध्ये, खिडकी पावसाच्या उलट बाजूची उघडून. एसी असेल तर वस्तू, बाटली आणि बोळा तिन्ही त्या खोलीत आदल्या रात्रीपासून ठेवा आणि काम झाल्यावर निदान सहा तास तिथून हलवू नका. वास कोंडतो, म्हणून मधून दार उघडा. पंख्याचा झोत थेट वस्तूवर नको. स्पिरिट झपाट्याने उडतं आणि थंडावा वाढून धुकं आणखी येतं.

१२. चवथ तोंडावर आली आहे. मखर आणि चौरंग आत्ता तयार झाले. काय करू?

सुतारकामाचं वेळापत्रक आपल्याकडे उलटं असतं. चवथीसाठी घाई पावसात, आणि पॉलिशला चांगले महिने नोव्हेंबर ते मे. पुढच्या वर्षीचं मखर एप्रिलमध्ये पॉलिश करून ठेवा, एवढा सल्ला देऊन मोकळा होतो.

यंदाचं म्हणाल तर, तीन दिवस असतील तर पातळ पॉलिशचे तीन हात बोळ्याने, दिवसाला एक. ब्रशने जाड हात देऊन दिवस वाचवायला जाऊ नका, तो हात गणपती विसर्जनाला निघेपर्यंत चिकट राहील. एकच दिवस असेल तर पॉलिश सोडा. मधमाशीच्या मेणाचा हलका हात देऊन कोरड्या फडक्याने चोळा. मात्र नंतर पॉलिश करायचं झालं की मेण टर्पेंटाइनने पुसून, घासून काढावं लागेल.

चौरंगावर ओला कलश ठेवताना खाली ताटली किंवा केळीचं पान घालाच. समई लाकडापासून चार बोटं दूर. लाख साधारण ७५ अंशांना वितळायला लागते, त्याच्या बरीच आधी मऊ पडते.

१३. चहाच्या कपाचा पांढरा गोल उठला. आणि पाहुण्यांनी फेणी सांडली त्या जागी तर पॉलिशच गेलं.

हे दोन वेगळे अपघात आहेत. कपाचा गोल म्हणजे उष्णतेने आणि वाफेने थरात शिरलेलं पाणी. एक-दोन दिवस कोरड्या जागी ठेवा, बऱ्याचदा आपोआप फिका होतो. नाही झाला तर प्रश्न ११ मधला बोळा.

फेणी, वाइन, अत्तर सांडलं तर हात आवरा. सांडल्या सांडल्या घासून पुसू नका. अल्कोहोलने थर विरघळलेला असतो, पुसलात तर तो फडक्यावर येतो. टिपकागदाने वरचा ओलावा फक्त टिपून घ्या, घासू नका. उरलेलं आपसूक उडू द्या. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच भागावर पातळ पॉलिशचे दोन-तीन हात. जुन्या-नव्याची सीमा दिसत नाही. पीयूवर, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशवर, असा डाग पडला असता तर अख्खा माथा घासावा लागला असता.

१४. मागच्या वर्षीचं पॉलिश उरलं आहे. वापरू का?

काचेच्या तुकड्यावर एक थेंब टाका. तासाभरात कडक होऊन नखाने टिकली उडाली तर चांगलं. चार तासांनीही बोटाला चिकटत असेल तर ओता बाजूला. विरघळलेली लाख काळाबरोबर अल्कोहोलशीच क्रिया करत जाते आणि मग कधीच पुरती कडक होत नाही. उष्ण हवेत हे लवकर होतं. म्हणून बाटलीवर तारीख लिहा आणि सहा महिन्यांत संपवा. पापड्याही गोव्याच्या मे महिन्यात पिशवीतच एकमेकींना चिकटतात. घट्ट डब्यात भरून फ्रिजच्या तळाशी ठेवल्या तर वर्ष-दोन वर्षं निघतात.

चिकट पॉलिश वस्तूवर आधीच लागलं असेल तर वर नवीन हात देऊन ते सुधारत नाही. स्पिरिटच्या फडक्याने पुसून मुळापर्यंत काढा.

१५. पावसाळ्यात पॉलिश केलेल्या पेटीवर बुरशी येते. पॉलिशमध्ये दोष आहे का?

बहुतेक वेळा दोष जागेचा. भिंतीला चिकटलेलं, हवा न खेळणारं कपाट असेल तर बुरशी धुळीवर आणि हाताच्या तेलकटपणावर उगवते. कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसा, मग किंचित दमट, मग लगेच कोरड्याने. स्पिरिट लावून पुसू नका, कारण आता कळलंच असेल. साबण आणि सोडाही नको. लाख अल्कलीत विरघळते. वाळवी आणि भुंग्यावर लाखेचा काही उपाय नाही, त्याचा बंदोबस्त पॉलिशच्या आधी.

१६. लाखेवर पीयू देता येईल का? आणि लाकूड गडद करायचं असेल तर?

पीयू देता येईल, पण फक्त मेण काढलेल्या चपड्यावर. मेण राहिलं तर पीयू नीट धरत नाही आणि पापुद्रे सुटतात. मेण काढलेला पातळ हात मात्र मध्यस्थ म्हणून फार कामाचा. पॅकिंगच्या पाइनच्या फळ्यांमधून गाठींची राळ बाहेर येते, ती हा हात अडवतो. तेलकट जुन्या लाकडावरही वरचं पॉलिश धरायला मदत होते.

रंग द्यायचा असेल तर स्पिरिटमधला रंग वापरू नका. त्यावर बोळा फिरला की रंग विरघळून पट्टे पडतात. पाण्यातला रंग वापरा आणि पूर्ण वाळू द्या. तेलातला वापरला तर दमट हवेत तीन-चार दिवसही कमी पडतात. थोडाच फरक हवा असेल तर रंगाच्या भानगडीत न पडता बटन लाख वापरा.

१७. आजोबांच्या वेळची शिसवी खुर्ची आहे. तिच्यावर कुठलं पॉलिश आहे कसं कळेल?

बैठकीच्या खालच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, कापसाने स्पिरिट लावा. अर्ध्या मिनिटात चिकट झालं आणि कापसावर तपकिरी आलं तर लाख. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने मऊ पडलं तर एनसी लॅकर. दोन्हींनी ढिम्म राहिलं तर पीयू किंवा तसंच काही.

जुन्या गोमंतकीय घरांतल्या शिसवी फर्निचरवर लाखच असण्याचा संभव जास्त. तसं असेल तर घासून उघडी करू नका. शंभर वर्षांत आलेला रंग पेपरच्या चार फटक्यांत जातो. धूळ काढा, मेणाचा मऊ हात द्या. थर फार उडाला असेल तर फक्त त्या जागी पातळ बोळा. नक्षी मोलाची असेल तर मात्र जाणत्या मेस्ताला दाखवा.

१८. शेवटी चमक कमी हवी असेल तर?

आठवड्याने ०००० नंबरच्या स्टील वूलला मेण लावून रेषांच्या दिशेने हलकेच घासा आणि फडक्याने चोळा. रेशमी, मंद चमक येते. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी स्टील वूलऐवजी करड्या नायलॉनचा बारीक स्क्रबर घ्यावा. स्टीलचे कण छिद्रांत राहतात आणि खाऱ्या हवेत गंजून तपकिरी ठिपके पडतात.

१९. लहान मुलांची खेळणी? आणि कुंकळ्ळीच्या खेळण्यांवर असते ती हीच लाख का?

लाख औषधाच्या गोळ्यांवर आणि मिठाईवरही लावतात. स्पिरिट पूर्ण उडालेलं असेल, म्हणजे दोन आठवडे सुकवलेलं असेल, तर खेळण्यांना अडचण नाही. पण सतत चघळलं जाणारं खुळखुळ्यासारखं खेळणं मी कोरंच ठेवीन. लाळेने थर पांढरा पडून सुटतो.

कुंकळ्ळीचे चित्तारी किंवा चन्नपट्टणचे कारागीर लाख स्पिरिटमध्ये घालत नाहीत. रंगवलेल्या लाखेची कांडी लेथवर फिरणाऱ्या लाकडावर दाबतात, घर्षणाने ती वितळून चढते. तो थर जाड आणि कणखर असतो. चौकोनी पेटीला ती पद्धत लागू होत नाही, वस्तू गोल हवी आणि लेथ हवा.

२०. लाख किड्यांपासून येते. देव्हाऱ्याला चालेल का?

लाख खरवडताना किडे मरतात, हे लपवण्यात अर्थ नाही. दुसरीकडे लाखेच्या बांगड्या आणि लाखेचं काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि बऱ्याच घरांत देव्हाऱ्यावर हेच पॉलिश असतं. घरातल्या थोरांना विचारा. मन घेत नसेल तर जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या, प्रत्येक हात दोन-तीन दिवस वाळवून. मेणालाही हरकत असणाऱ्यांसाठी हा मार्ग मोकळा राहतो. आपल्या हवेत वेळ जास्त लागतो आणि फडक्यांची काळजी प्रश्न ९ प्रमाणे.

२१. करवंटीच्या वाट्या आणि दिवे केले आहेत. त्यांना?

बाहेरून छान चढतं. करवंटीचे धागे पूर्ण खरवडून २२० पर्यंत घासा, मग ४००. ती लाकडापेक्षा खूप घट्ट असते, पॉलिश पीत नाही, त्यामुळे लाकडाला पाच हात लागतात तिथे तीन पुरतात आणि जाड हात लगेच ओघळतो. आतल्या बाजूला तेल राहिलेलं असतं. आधी स्पिरिटने पुसून घ्या, नाहीतर थर माशाच्या डोळ्यांसारखा फुटतो. दिवा असेल तर आतून काहीच लावू नका. एलईडी असला तरी तोंड वर उघडं ठेवा, म्हणजे उष्णता आत कोंडत नाही.